ओळखीचं पान

उन्मेष गायधनीचं माणसांबद्दल एक मत होतं आणि ते चारचौघांत सांगायला तो लाजत नसे. माणूस म्हणजे मेंढरू. मेंढराला लोकर असते, माणसाला मोबाइल असतो, एवढाच काय तो फरक.

"गिऱ्हाईक माल बघत नाही हो," तो म्हणायचा, "पान बघतं. दुकानदार लबाड आहे की देवमाणूस, याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नसतं. वेबसाइटचं पान डोळ्यांत भरलं की संपलं. मग त्याला गूळ म्हणून शेण विका."

असल्या मताचा माणूस एरवी चहाच्या टपरीवर बडबडत म्हातारा झाला असता. पण उन्मेष हुशार होता, त्यात संगणकशास्त्र शिकलेला. त्यानं आपल्या मताचं यंत्र बनवलं. त्याचं नाव ठेवलं 'आश्वास'.

हे यंत्र पहिल्यांदा लोकांना दाखवलं ते नाशिकात, गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात. बेदाण्याचे व्यापारी, क्लासवाले, दातांचे डॉक्टर, घरी रुग्णसेवेसाठी बायका पुरवणारी केंद्रं, सगळ्यांना आमंत्रणं गेली होती. उन्मेष मंचावर आला आणि म्हणाला, "आधी वेबसाइट कशी नसावी ते बघू." मागच्या पडद्यावर एक पान उघडलं.

काय ते पान! पिवळ्या जर्द पाटीवर लाल अक्षरं. भोवती हिरवी चौकट, तीही लुकलुकणारी. कोपऱ्यात एक जास्वंद आपलं उघडतंय, मिटतंय, उघडतंय, मिटतंय. वर सरकती पट्टी : "कृपया भाव करू नये. जमत नसेल तर दुसरीकडे विचारावे." मालकिणीचा फोटो आधारकार्डावर शोभेल असा, कपाळाला आठ्या घातलेला आणि वर जरा हललेला. खाली सेविकांची माहिती : "कांताबाई. रुग्णाला एकटी उचलते. स्वयंपाक बेताचा. तोंडानं फटकळ." "सुमनबाई. हात हलका. तंबाखू खायची, सोडली म्हणते." आणि सगळ्यात शेवटी : "पहिले दोन दिवस मी स्वतः येऊन बसेन. रुग्णाला बघेन, तुम्हालाही बघेन. पटलं तरच बाई देईन."

सभागृह खदखदून हसलं. उन्मेषनं ते हसू पुरतं पिकू दिलं.

"तुम्हालाही बघेन!" तो म्हणाला. "गिऱ्हाईकाला दम देणारं पान पाहिलंय कधी? सांगा, या बाईच्या ताब्यात कोण आपली आई देईल?"

मागच्या रांगेतून एक बाई उठली. जाडसर चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, कपाळाला त्याच आठ्या. उन्मेषनं तिला ओळखलं. ती त्याची थोरली बहीण मृदुला होती. पान तिचं होतं, केंद्र तिचं होतं. आमंत्रणं सरसकट गेली होती आणि तिच्याकडेही एक जाणार हे या हुशार माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"उन्म्या," ती माइकबिइक न घेता म्हणाली, "आई गेल्यावर तुला अंघोळ मीच घालत होते. तेव्हा नाही विचारलंस, ताई, तुझ्या साबणाचा रंग कुठला म्हणून."

पिशवी सावरत ती निघून गेली. लोक पुन्हा हसले, पण या वेळी आपण कोणाला हसतोय ते त्यांनाही नीट कळत नव्हतं. त्या दिवसानंतर बहीणभावांचं बोलणं बंद झालं. तिनं फोन केला नाही. यानं तर नाहीच केला. माफी मागायची म्हणजे आधी आपण चुकलो असं वाटावं लागतं, आणि उन्मेषला तसली खोड नव्हती.

'आश्वास' मात्र चाललं. नुसतं चाललं नाही, धावलं.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीखालून रक्ताची एक लाट जाते आणि कातडीचा रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्याला ते दिसत नाही, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याला दिसतं. दोन ठोक्यांमधलं अंतर, डोळ्यातल्या बाहुलीचं लहानमोठं होणं, पापणीची उघडझाप, स्क्रीनवर रेंगाळणारा अंगठा, हे सगळं एकत्र मांडलं की समोरचा माणूस धास्तावलेला आहे की निर्धास्त, याचा एक आकडा निघतो. कंपनीत त्याला निर्धास्तांक म्हणत. कॅमेऱ्याला परवानगी लागायची, पण "सेवा सुधारण्यासाठी" असं लिहिलेलं बटण न वाचता दाबणं हा आपला राष्ट्रीय छंदच आहे.

पुढची करामत अशी की 'आश्वास'च्या पानाला स्वतःचं रूपच नव्हतं. ते बघणाऱ्याच्या समोर, बघता बघता तयार व्हायचं. शिंपी अंगावर कापड ठेवून टाचण्या मारत जातो ना, तसं. निळ्या रंगावर ठोका चुकला, निळा काढ. म्हाताऱ्या मालकाच्या फोटोवर श्वास संथ झाला, मालक आणखी म्हातारा कर. एकाच दुकानाचं पान डॉक्टरीणबाईंना शुभ्र आणि मोजकं दिसे, सातपूरच्या कामगाराला त्यावर हार घातलेली तसबीर दिसे आणि कॉलेजातल्या पोराला तिसरंच काही. निर्धास्तांक ठरावीक रेषेवर गेला की "येथे दाबा" हे बटण उगवे. त्याआधी नाही.

कायद्यानं मालाबद्दल खोटं बोलायला बंदी होती. रंग, मांडणी, चेहरा, बोलण्याची ढब ही सजावट, आणि सजावटीला बंदी कशी घालणार? वकिलांनी तेवढी फट शोधून दिली, आणि त्या फटीतून अख्खं शहर आत शिरलं.

दोनेक वर्षांत नाशिकात असा एक धंदा उरला नाही की ज्याच्या पानावर लोकांचा भरवसा नव्हता. कुजक्या बेदाण्यावर भरवसा, नापास शिकवणाऱ्यांच्या क्लासवर भरवसा. एका दातांच्या दवाखान्यात तर रोगी चुकीची दाढ उपटून घेऊन घरी आला आणि पानाला पाचपैकी पाच तारे देऊन झोपला. लोकांनी चौकशी करणं सोडलं. पूर्वी साधा गवंडी लावायचा तरी माणूस चार घरं विचारत हिंडे, "कुठला हो हा? कोणाकडे काम केलंय?" आता छाती हलकी झाली की झालं. आणि छाती हलकी करायचं कंत्राट उन्मेषकडे होतं.

त्याला स्वतःला मात्र ही सजावट दिसत नसे. कंपनीच्या लोकांच्या मोबाइलवर एक सोय होती, तिला ते 'कोरं' म्हणत. कोरं चालू असलं की सगळी पानं नागडी दिसत. राखाडी पाटी, धंद्याचं नाव, एक बटण. बस. पूर्वी पानावर निदान काहीतरी लिहिलेलं असे. आता सजावट यंत्रच करतं म्हटल्यावर मालकांनी लिहिणंच सोडून दिलं होतं. त्या राखाडी पाटीकडे बघून लोक डोळे मिटून बटण दाबतात, हे आठवून उन्मेष रोज सकाळी चहाबरोबर हसायचा. त्याला वाटायचं, या मेंढरांच्या गावात डोळस असा मी एकटाच.

मग अण्णांना झटका आला.

अण्णा म्हणजे उन्मेष-मृदुलाचे वडील. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, नाशिकच्या स्टँडवर भोंग्यावरून गाड्या पुकारायचे. त्यांची एक सवय साऱ्या डेपोला माहीत होती. गाडी फलाटाला प्रत्यक्ष लागल्याशिवाय ते "लागली आहे" असं कधी पुकारत नसत. वरून साहेब ओरडला, प्रवाशांनी खिडकीवर गर्दी केली, तरी नाही. "येतेय म्हणजे लागली नव्हे," म्हणायचे. त्यामुळे अण्णांनी "धुळे गाडी लागली" म्हटलं की लोक न बघता सामान उचलायचे.

झटक्यानं त्यांचं उजवं अंग गेलं, बोलणं पाच-सात शब्दांवर आलं आणि गिळायला त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, "नीट बसवून भरवायचं, घट्टसर भरवायचं. आडवं असताना पाण्याचा घोटसुद्धा नको. श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेतेल."

सुरुवातीला उन्मेषची बायको ईशानीनं रजा काढून सगळं केलं. रजा संपत आली तशी ती म्हणाली, "ताईंना फोन कर. जन्मभर हेच करताहेत त्या. स्वतःच्या वडिलांना नाही म्हणणार आहेत का?"

"फोन कशाला?" उन्मेष म्हणाला. "तिच्या पानावरून रीतसर नोंदणी करतो. धंद्याला धंदा मिळेल तिला आणि माझं कामही होईल."

"उन्मेष, बहीण आहे ती तुझी. पानावरून कसली बोलावतोस?"

"तू नको सांगूस मला. मी तिला ओळखतो. फोन केला की आधी अर्धा तास ऐकवेल."

खरं तर अर्धा तास ऐकून घ्यायची लायकी आपली आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच फोन नको होता. पान बोलत नाही, हा पानाचा केवढा मोठा गुण!

तो बाल्कनीत बसला आणि मोबाइलवर "परिचर्या केंद्र, नाशिक, गिळायला त्रास असलेला रुग्ण" असं शोधलं. कोरं चालूच होतं. राखाडी पाट्यांची रांग लागली : सायंसखा, सेवांगण, छायासोबत, काय काय. एकीवर धड माहिती नाही. ताईचं पान काही दिसेना. त्यानं पुन्हा शोधलं, पुन्हा तीच राखाडी रांग.

"कोरं बिघडलंय वाटतं," तो पुटपुटला. ताईची साइट 'आश्वास'वर नव्हती. कोरं तिला कसं दाखवणार? तिला राखाडी करायच्या नादात यंत्र गाळूनच टाकत असणार. त्यानं कोरं बंद केलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आणि पान आलं.

पिवळ्या जर्द पाटीवर लाल अक्षरं. लुकलुकणारी हिरवी चौकट. कोपऱ्यात जास्वंद उघडलं, मिटलं. "कृपया भाव करू नये." चष्मेवाल्या बाईचा हललेला फोटो, कपाळाला आठ्या. "हौसाबाई. रात्री जागते. बडबड फार." "दीपाली. नवी आहे, पण शिकवून तयार केली आहे. गिळायला त्रास असलेल्या रुग्णाला बसवूनच भरवते." आणि शेवटी तीच ओळ : "पहिले दोन दिवस मी स्वतः येऊन बसेन. रुग्णाला बघेन, तुम्हालाही बघेन."

उन्मेष हसला, पण हे हसू मंचावरचं नव्हतं. छातीवर इतके दिवस बसलेला धोंडा कोणीतरी अलगद उचलल्यासारखं त्याला वाटलं. अजून तशीच आहे की गं ताई तू, तो मनात म्हणाला. जगानं काय काय बदललं, हिनं जास्वंद नाही बदललं. केंद्राचं नाव वर होतं की नव्हतं, हे त्यानं पाहिलंच नाही. ओळखीच्या दारावरची पाटी कोण वाचतं? त्यानं पत्ता भरला, दीपालीचं नाव निवडलं आणि बटण दाबलं.

आत जाऊन त्यानं अण्णांच्या कानाशी सांगितलं, "अण्णा, ताई येणार आहे उद्या. दोन दिवस बसणार आहे तुमच्याजवळ."

अण्णांचा डावा डोळा भरून आला. डाव्या हातानं ते सदऱ्याची बाही ओढायला लागले. ईशानीला कळलं. तिनं कपाटातून त्यांचा इस्त्रीचा पांढरा सदरा काढून ठेवला.

"फोन केलास शेवटी?" तिनं विचारलं.

"झालं ना काम? तुला काय करायचंय?"

दुसऱ्या दिवशी ईशानी कामावर गेली. अण्णा पांढरा सदरा घालून, उशांना टेकून दाराकडे तोंड करून बसले होते. खाली रस्त्यावर रिक्षा थांबली की विचारायचे, "लागली?" उन्मेष म्हणायचा, "येतेय, अण्णा." ते मान हलवायचे. येतेय म्हणजे लागली नव्हे.

दारात आली ती एकटीच एक विशी-बाविशीची मुलगी. हातात प्लॅस्टिकची पिशवी, चेहरा बावरलेला. "दीपाली," ती म्हणाली. "इथंच बसायचंय ना म्हाताऱ्या बाबांजवळ?"

"ताई कुठे आहेत?"

"ऑफिसातनं कोणीतरी येणार आहे म्हणाले, सर. मागनं."

उन्मेषला हुश्श झालं. ताई मागून येतेय म्हणजे आपल्याला निसटायला वेळ आहे. तिची पहिली नजर, ते पहिलं वाक्य, ते अण्णांच्या वाट्याला जाऊ दे. आपण संध्याकाळी, ती चहा घेऊन निवली की येऊ. एवढं मोठं यंत्र बनवणारा माणूस बहिणीला घाबरून स्वतःच्या घरातून पळाला. दीपालीला काही सांगावं असंही त्याच्या मनात आलं नाही. शिकवून तयार केली आहे, असं पानावर लिहिलं होतं ना!

दुपारच्या बैठकीत बसलेला असताना शेजारच्या फ्लॅटमधल्या कुलकर्णींचा फोन आला. अण्णा निळे पडले होते. रुग्णवाहिकेतून हलवलं होतं.

हॉस्पिटलच्या पायरीवर दीपाली पदरात तोंड खुपसून रडत होती. "झोपले होते हो बाबा, डोळे उघडले, चहा चहा म्हणाले. मी चमच्यानं पाजला. मला काय माहीत, सर?"

"आडवं असताना पाजलास?" उन्मेष ओरडला. "ताईनं शिकवलं नाही तुला? बसवूनच भरवते असं लिहिलंय तुझ्या नावापुढे!"

"कोण ताई? मला कोणीच काही नाही शिकवलं. गेल्या महिन्यापर्यंत मी ओझरला द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये होते. सायंसखाच्या माणसाचा फोन आला, म्हाताऱ्याजवळ बसायचंय, जाशील का. कुठे लिहिलंय माझ्या नावापुढे?"

त्यानं तिला दाखवायला मोबाइल काढला. पान समोर होतं, पिवळं, लाल, लुकलुकणारं. एवढं होऊनही ते बघताच त्याचा श्वास संथ व्हायला लागला, आणि तेव्हा कुठे त्याला शंका आली. त्यानं कोरं चालू केलं.

जास्वंद गेलं. आठ्या गेल्या. राखाडी पाटी उरली. "सायंसखा. सेवा उपलब्ध. येथे दाबा."

पायरीवर बसल्या बसल्या त्याला सगळं कळलं, कारण यंत्र त्याचंच होतं. सुरुवातीच्या दिवसांत प्रयोगशाळेत चाचणीसाठी त्याचाच चेहरा वापरत. वाईट पानाचा नमुना म्हणून रोज सकाळी सगळ्यात आधी ताईचं पान उघडायचं, हसायचं, मग कामाला लागायचं. हसणं यंत्राला कळत नव्हतं. त्याला ठोका कळत होता. जगातली हजार देखणी पानं दाखवली तरी या माणसाची छाती हलकी होते ती एकाच पानासमोर, एवढं त्यानं मुकाट्यानं टिपून ठेवलं होतं. कोरं बंद होताच टिपलेलं बाहेर काढलं, त्यावर दीपालीचं नाव चिकटवलं आणि दिलं. लबाडीचा रंग चकचकीत असतो, एवढंच उन्मेषला माहीत होतं. खरेपणाचाही रंग घोटता येतो, हे त्यानंच घडवलेल्या यंत्रानं त्याला शिकवलं.

त्यानं कंपनीच्या वकिलाला फोन लावला. वकील शांतपणे म्हणाला, "अरे, 'मी स्वतः येऊन बसेन', 'बसवूनच भरवते' हे सगळं शैलीत मोडतं. खाली बारीक अक्षरांत 'मजकूर नमुन्यादाखल' आहे बघ. ती बारीक ओळ तूच घालायला लावली होतीस."

मग कोणाला लावायचा फोन? दोन वर्षं ज्या नंबरावर बोट गेलं नव्हतं, त्यावर गेलं. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"ताई," तो म्हणाला, आणि तुटक तुटक सगळं सांगितलं. झटका, चहा, ऑक्सिजन. "तुझंच पान बघून बाई मागवली गं. तुझंच होतं. जास्वंदसुद्धा."



"माझं केंद्र गेल्या दिवाळीतच बंद केलं मी," मृदुला म्हणाली. "कोणी येईनासंच झालं. लोकांना छान छान पानं मिळाली. पान तेव्हाच उतरवलं." मग आवाज खरखरीत झाला. "अण्णांना झटका येऊन किती दिवस झाले?"

त्यानं सांगितलं.

"आणि मला आज कळतंय. वा रे गायधनी. कुठल्या हॉस्पिटलात?"

ती आली तेव्हा अण्णांना अतिदक्षता विभागातल्या खाटेवर ठेवलं होतं. तोंडावर मास्क, खालून पंपाची घरघर. ईशानी कोपऱ्यात उभी होती. तिनं उन्मेषला सगळं विचारून झालं होतं आणि आता ती त्याच्याकडे बघतही नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, फुफ्फुसात गेलंय, आजचा दिवस काढला तर बघू.

मृदुलानं भावाकडे पाहिलं नाही. पिशवी खाली ठेवली, हात धुतले, सिस्टरला विचारून खाटेचं डोकं थोडं आणखी उचललं. अण्णांचा निकामी उजवा हात कडेला लोंबत होता, तो उचलून उशीवर नीट ठेवला. पांढऱ्या सदऱ्यावर चहाचा डाग वाळला होता. तो तिनं पाहिला आणि ती त्यांच्या कानाशी वाकली.

"अण्णा."

म्हाताऱ्याचा डावा डोळा उघडला. वळला, तिच्यावर थांबला. चष्मा बघितला, आठ्या बघितल्या. डावा हात चादरीवरून सरकत सरकत तिच्या मनगटापर्यंत आला आणि मनगट धरून बसला. मास्कच्या आत ओठ हलले.

"लागली," अण्णा म्हणाले.

या खेपेला तो प्रश्न नव्हता. ईशानीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

खाटेच्या पायथ्याशी उभ्या उन्मेषची छाती एकदम हलकी झाली. ताई आली, आता सगळं नीट होईल. आणि त्याच क्षणी तो हलकेपणा त्यानं ओळखला. हाच होता तो. बाल्कनीत आला होता तो अगदी हाच, तसूभरही कमीजास्त नाही. तेव्हा छाती म्हणाली होती, ही ताईच. आताही छाती तेच म्हणत होती, आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा कसा, हे त्याला उमजेना. अण्णांनी हात धरून ठरवलं होतं. याच्याकडे नुसती छाती होती, आणि ती त्यानं स्वतःच विकून खाल्ली होती.

त्याचा हात नकळत पुढं गेला. त्यानं बहिणीच्या दंडाला, बिचकत, दोन बोटं लावून पाहिली.

मृदुलानं मान वळवली. दोन वर्षांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"काय चाचपतोस रे?" ती म्हणाली. "खरी आहे. आणि नंबरसुद्धा तोच आहे माझा. पान बघत बसलास, फोन करायचा होतास. आता सरक तिकडे, मला बसू दे."